मत दिलं म्हणजे राज्य दिलं नाही



"तुम्ही मत दिलंत ना? झालं तर मग. आता वरच्यांना काम करू द्या." हे वाक्य पेण-रोह्यात आपल्याला कुठेही ऐकू येतं. कचेरीत, एसटीत, दुकानाच्या पायरीवर. दुसरं एक वाक्य आपल्याच वाड्यांवरची शिकलेली पोरं बोलायला लागली आहेत: "या लोकशाहीने काय दिलं आपल्याला? एक खमक्या माणूस पायजे, बाकी समदं बंद करा."

ही दोन वाक्यं वेगवेगळी वाटतात, पण ती सख्खी भावंडं आहेत. दोन्ही धरून चालतात की लोकशाही म्हणजे पाच वर्षांनी एकदा बटण दाबणं. एकजण म्हणतो बटण दाबून गप्प बसा, दुसरा म्हणतो ते बटणही नको. दोघांच्या हिशेबात वाडीवर बसून ठरवणारा माणूस कुठेच नाही. वनहक्काच्या सभा पुन्हा लागायच्या आहेत, तेव्हा ही गोष्ट आधी मोकळी करून घेऊ. लोकशाही आली कुठून, तिची रूपं किती, आणि त्यातलं कुठलं रूप आपल्या हाताला लागतं, हे कळलं नाही तर सभेत आपण नुसते अंगठे उठवायला जाऊ.

शाळेच्या पुस्तकात असतं की लोकशाही ग्रीसमध्ये जन्मली. अथेन्स नावाच्या गावात, अडीच हजार वर्षांमागे. ते खोटं नाही. इसवी सनापूर्वी ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिस नावाच्या पुढाऱ्याने तिथल्या जुन्या घराण्यांची पकड ढिली केली. गावचे लोक टेकडीवर उघड्यावर जमून लढाई, कर, कायदे हात वर करून ठरवू लागले. बरेचसे अधिकारी निवडणुकीने नाही, चिठ्ठ्या टाकून नेमत. त्यांचं म्हणणं असं की निवडणूक लावली की पैसेवाला आणि बोलका माणूसच येणार. चिठ्ठीला पैसेवाला कोण आणि चांभार कोण ते कळत नाही. आज हे ऐकून आपल्याला हसू येतं, पण आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत काय काय वाटलं जातं ते आठवा आणि मग हसा.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते. पुढे अथेन्समध्ये सभेला येणाऱ्या माणसाला त्या दिवसाची मजुरी देऊ लागले. कारण उघड होतं. ज्याचं पोट हातावर आहे तो सभेत बसला तर संध्याकाळी चूल कशी पेटणार? आमच्याकडे ग्रामसभेला आलेल्या बाईची रोजी बुडते आणि वर तिलाच ऐकवतात, "तुमच्या लोकांना सभेची आवडच नाय."

पण या अथेन्सला डोक्यावर घेऊन नाचू नका. त्या सभेत बाई नव्हती. गुलाम नव्हता. बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबणारा माणूस नव्हता. गावात राहणाऱ्यांत सभेला बसणारे थोडे आणि त्यांच्यासाठी राबणारे जास्त. म्हणजे पहिल्या दिवसापासून भांडण एकच आहे: सगळ्यांनी मिळून ठरवायचं हे मान्य, पण "सगळे" कोण? पुढचा सगळा इतिहास या एका शब्दावरून झाला आहे.

आपल्या देशातही बुद्धाच्या काळात गणराज्यं होती. वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य. वज्जी लोक वारंवार जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांचं कुणी वाकडं करणार नाही, असं बुद्धाने म्हटल्याचं सांगतात. बाबासाहेबांनी घटना समितीत याची आठवण करून दिली होती, की सभा कशी चालवायची, ठराव कसा मांडायचा, मतं कशी मोजायची हे बौद्ध भिक्षूंच्या संघांना ठाऊक होतं. हे आपण विलायतेतून आणलेलं नाही. पण तिथेही सभेत बसत ती राज्य करणारी घराणी. शेतात राबणारा दास सभेच्या बाहेरच.

आणि आपल्या वाडीचं काय? कातकऱ्यांची वाडी असो की ठाकरांची, भांडण-तंटा झाला, कुणाची सोयरीक मोडली, रानात कुणी आगळीक केली, की माणसं अंगणात बसत. लिहिलेलं काही नाही. नाईक किंवा जाणता माणूस असे, पण तो हुकूम देत नसे, सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलत असे. रात्र रात्र बसणं चाले, कारण मतं मोजायची नसत, मन वळवायचं असे. १९ डिसेंबर १९४६ ला घटना समितीत जयपालसिंग मुंडा उभे राहिले. छोटा नागपूरचे आदिवासी पुढारी, हॉकीचे मोठे खेळाडू. त्यांनी तिथल्या बड्या बड्या वकिलांना तोंडावर सांगितलं, की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिका. हे त्यांनी उगाच अभिमानाने म्हटलेलं नव्हतं. त्यांनी अशा बैठका पाहिल्या होत्या.

तरी खरं ते लिहायलाच हवं. आपल्या अंगणातल्या त्या बैठकीत बाया मागे, पडवीच्या कडेला बसत, आणि दंड लावताना विधवा आणि परित्यक्ता बाईवर आपण जेवढा जोर काढला तेवढा दारू पिणाऱ्या पुरुषावर कधी काढला नाही. अथेन्सला नावं ठेवायची तर आपल्या पडवीकडेही बघावं लागेल. लोकशाहीचं मूळ वाडीत होतं हे खरं, पण त्या मुळाला पाणी अर्ध्याच बाजूने घातलं होतं.

आता विलायतेची गोष्ट घेऊ, कारण तिथे आपल्या कामाचं एक प्रकरण आहे. इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी १२१५ साली एक सनद लिहून घेतली. तिचा गाजावाजा फार होतो. पण दोनच वर्षांनी, १२१७ ला, दुसरी एक सनद निघाली, तिचं नाव जंगलाची सनद. राजांनी शिकारीसाठी मोठमोठी रानं राखीव करून टाकली होती. रानालगतच्या लोकांना तिथे डुकरं चारायला, जळण आणायला, गुरं सोडायला बंदी. मोडली तर जबर शिक्षा. ती बंदी या सनदेने बरीच ढिली केली. जळणाचा, चराईचा हक्क कागदावर आला. म्हणजे ज्या देशाला लोकशाहीची आई म्हणतात, तिथेही राजाच्या हुकमाला पहिली वेसण बसली त्यात रान होतं, मोळी होती. आणि त्याच देशाचे साहेब साडेसहाशे वर्षांनी इथे आले, तेव्हा त्यांनी आपल्या राजाने केलं तेच केलं: रान राखीव, मोळी चोरी. स्वतःच्या घरची सनद बोटीत बसताना घरीच ठेवून आले.

मताचा हक्क तर तिकडेही फार उशिरा आला. इंग्लंडमध्ये बायांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालं १९२८ साली. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे तिथल्या आदिवासींना, स्वतःच्याच देशाचं नागरिकत्व १९२४ साली मिळालं. स्वित्झर्लंडच्या डोंगरात काही भागांत आजही सगळा मुलूख वर्षातून एकदा मैदानात जमून हात वर करून कायदे करतो. ग्रामसभाच ती. बघण्यासारखी गोष्ट. पण त्यांच्या देशाच्या निवडणुकीत बायांना मत मिळालं १९७१ ला, आणि एका मुलखाच्या मैदानी सभेत तर १९९० पर्यंत बाईला हात वर करायची मुभा नव्हती. शेवटी कोर्टाने बडगा दाखवला. आपल्या आज्या १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मत देऊन आल्या होत्या. तेव्हा कुणी म्हणालं की लोकशाही गोऱ्यांनी आपल्याला शिकवली, तर हे सालवार सांगा.

आपल्या जिल्ह्याकडे या. १९२७ साल. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. २० मार्चला महाडमध्ये बाबासाहेब चवदार तळ्यावर उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. सार्वजनिक तळं सगळ्यांचं, असं नगरपालिकेने ठरावात आधीच म्हटलं होतं. भांडण पुन्हा तेच, "सगळे" म्हणजे कोण. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला भारतीय वन कायदा झाला. तो आजही आपल्या बोकांडी आहे. ज्या दिल्लीच्या सभेत तो मंजूर झाला तिथे बसणारे निवडून आले होते जमीनवाल्यांच्या, पैसेवाल्यांच्या मतांवर. पेणच्या डोंगरातल्या एका माणसालाही कुणी विचारलं नाही. तीनच वर्षांनी, २५ सप्टेंबर १९३० ला, उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या रानात लोक कोयते घेऊन शिरले आणि कायदा मोडला. गोळीबार झाला. जे मेले त्यांत नाग्या महादू कातकरी होता. त्याला मताचा अधिकार नव्हता. पुढे १९३५ चा कायदा आला तरी शंभरातल्या जेमतेम दहा-पंधरा माणसांना मत होतं, आणि ते सारा भरणारे, शिकलेले. नाग्याने मत दिलं ते असं. मतपेटी नसताना.

म्हणून "लोकशाही दिल्लीने दिली" हे आम्ही मानत नाही. २६ जानेवारी १९५० ला जे कागदावर आलं त्याची किंमत आधी चुकती झाली होती.

आता राज्य चालवायच्या तऱ्हा. त्या फार अवघड नाहीत, आपल्या सरपंचावरूनच कळतात. पूर्वी आपण सदस्य निवडायचो आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे. सदस्यांचं बहुमत फिरलं की सरपंच खाली. दिल्ली आणि मुंबईचं राज्य याच तऱ्हेचं आहे: आपण खासदार-आमदार निवडतो, त्यांचं बहुमत ज्याच्यामागे तो पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री. याला संसदीय पद्धत म्हणतात. इंग्लंडातही हीच, फक्त वर एक राजा शोभेला ठेवलेला. मग २०१७ ला महाराष्ट्रात कायदा बदलला, सरपंच थेट लोकांनी निवडायचा. ही झाली अमेरिकेसारखी तऱ्हा. तिथला अध्यक्ष वेगळा निवडला जातो, सभागृहाचं बहुमत त्याच्याविरुद्ध गेलं तरी तो मुदत संपेपर्यंत बसून असतो. २०२० ला मुंबईतलं सरकार बदललं होतं, तर थेट सरपंच रद्द. २०२२ ला पुन्हा सरकार बदललं, पुन्हा थेट सरपंच. पाच वर्षांत गावच्या राज्याची तऱ्हा तीनदा फिरली. कुठली बरी यावर वाद घालता येईल. एकाला थेट निवडलं तर सदस्यांचा घोडेबाजार थांबतो, पण तोच माणूस बिघडला तर आवरायला कठीण. मला विचाराल तर यात आपलं फारसं काही अडलेलं नाही. सरपंच थेट आला काय नि वळसा घालून आला काय, वाडीची वाट दोन्ही वेळा चिखलातच होती.

या दोन्ही तऱ्हांमध्ये एक गोष्ट सारखी आहे: आपल्या वतीने दुसरा कुणी ठरवतो. तिसरी तऱ्हा वेगळी. जिथे आपलं आपणच ठरवतो. ती म्हणजे ग्रामसभा. बाकी सगळे प्रतिनिधी आहेत, ग्रामसभा कुणाची प्रतिनिधी नाही. तिथे आपण स्वतः असतो. ग्रामसेवक, बीडीओ, प्रांत, वनखातं या सगळ्यांना तिचंच वावडं आहे, ते उगाच नाही.

पेण तालुक्याने या तिसऱ्या तऱ्हेची ताकद पाहिली आहे आणि तिची खोटही. पेण, पनवेल, उरणच्या गावांवर रिलायन्सचा महामुंबई सेझ येणार होता. मोर्चे झाले, उपोषणं झाली, लोक हटले नाहीत. शेवटी सरकारने २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत लोकांचं मत घेतलं. जमीन द्यायची की नाही, सरळ प्रश्न. (तारीख तीच, वन कायद्याची. योगायोगच म्हणायचा.) देशात असं पहिल्यांदाच झालं. गावांनी "नाही" म्हटलं आणि दणकून म्हटलं. सरकारने काय केलं? निकाल जाहीरच केला नाही. आकडे पेटीत, पेटी कपाटात. आमदार एका मताने निवडून आला तरी त्याच रात्री गुलाल उडतो, आणि गावंच्या गावं बोलली तर त्याचा कागद बाहेर येत नाही. तरी पण सेझ आला नाही. संपादनाच्या मुदती टळत गेल्या आणि प्रकरण बारगळलं. कपाटातल्या आकड्यांनाही वजन असतं ते असं.

ही झाली ताकद. आता खोट. त्या दिवशी मत कुणाचं घेतलं? खातेदारांचं. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर. त्याच जमिनीवर मजुरीला जाणारा कातकरी, खाडीत मासे धरणारा, बांधावर घर असलेला, घरची सगळी शेती ओढूनही उताऱ्यावर नाव नसलेली बाई, यांच्या जगण्याचाही फैसला त्या दिवशी होता, पण त्यांना विचारायची तरतूदच नव्हती. शेतकरी भाऊ लढले, त्यांच्या लढ्याला सलाम. पण मतदानाची यादी करणाऱ्याच्या डोक्यात १९३५ सालच होतं.

ही खोट भरून काढणारा कायदा त्या मतदानाआधीच आला होता. वनहक्क कायदा, २००६ चा. नियम लागू झाले १ जानेवारी २००८ पासून. यात ग्रामसभा म्हणजे खातेदारांची सभा नाही. गावातला प्रत्येक वयात आलेला माणूस, बाई असो की बाप्या, सातबारा असो की नसो. २०१२ ला नियम दुरुस्त झाले. त्यांप्रमाणे या सभेला निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची, त्यात दोन तृतीयांश आदिवासी, तिसरा हिस्सा बाया. आमच्या पडवीत मागे बसणाऱ्या बाईला कायद्याने पुढे आणून बसवलं. ती नसेल तर सभाच नाही.

इथे आपले विरोधक एक खेळी करतात ती ओळखा. ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या ग्रामसभेला कोरम फार छोटा आहे: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, त्यात जे कमी ते. तेवढीही आली नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. आता सभांच्या तारखा बघा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. दिवाळीनंतर अर्धी वाडी उचल घेऊन वीटभट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडावर परत येते. २६ जानेवारीला आपण कुठे? भट्टीवर. १ मेला? भट्टीवर. १५ ऑगस्टला झेंडावंदन उरकलं की जो तो बेणणीला पळतो. उरली २ ऑक्टोबर. म्हणजे वर्षातून चारदा भरणारी लोकशाही आपल्या वाट्याला एकदाच येते, आणि ती पण गावठाणाच्या देवळात, आपल्यापासून दोन-तीन कोस लांब.

ग्रुप ग्रामपंचायत ही आणखी एक भानगड. चार गावं, सहा वाड्या, एक पंचायत. सभेत गावठाणाची माणसं जास्त, वाडीची कमी. मग म्हणतात, लोकशाहीत बहुमताचं चालतं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्यांच्या पंचायतराज्याबद्दल कडक शब्द वापरले, ते काही लोकांना अजून टोचतात. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना ठाऊक होतं की गावात सत्ता दिली म्हणजे गावातल्या मोठ्या जातीला दिली. त्यांचा इशारा खरा आहे. त्यावर उतारा मात्र गावाची सत्ता काढून घेणं हा नाही. वाडीला वाडीची सभा देणं हा आहे. वनहक्क कायद्यात गाव या शब्दात जुन्या वस्त्या आणि पाडेही धरले आहेत, मोजणी झालेली असो की नसो, कागदावर नोंद असो की नसो. म्हणून वाडीची स्वतंत्र ग्रामसभा मागायची. रानाचा निर्णय रान वापरणाऱ्यांच्या बहुमताने व्हायचा, पंप नि ट्रॅक्टरवाल्यांच्या नाही.

इथे एक अन्याय सांगून ठेवतो. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना मोठे अधिकार देतो. पालघर जिल्ह्यातल्या वाड्या-पाड्यांना तो लागू आहे. शहापूरला आहे. आणि आपला रायगड जिल्हा? अनुसूचित क्षेत्राच्या यादीत रायगडचं एकही गाव नाही. कातकरी इकडचा तोच, तिकडचा तोच. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकारने स्वतः अति-मागास ठरवलं त्यांत कातकरी आहेत, कोलाम आहेत, माडिया गोंड आहेत. पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच माणसाची ग्रामसभा निम्मी होते. नकाशावर शाईची रेघ मारणाऱ्याने वाडीवर बसून विचारलं नव्हतं. ही मागणी आपण सोडलेली नाही. तोवर हातात आहे तो वनहक्क कायदा, आणि त्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही.

आता त्या पोरांशी बोलायचं आहे ज्यांना खमक्या माणूस पाहिजे.

बाळांनो, दळी जमिनीचं पुस्तक घरात असेल तर आजोबांकडून मागून घ्या आणि बघा. इंग्रज साहेबाने डोंगरउतारावर नाचणी-वरी करायला दळी दिली. एकाच्या नावाने दिली, कसणारी घरं अनेक. कुणाला विचारून दिली? कुणाला नाही. साहेब खमक्या होता. आणि म्हणूनच पुढे प्रत्येक साहेबाला वाटत आलं की ती कधीही काढून घेता येते. गार्ड बदलला की नवा हप्ता, रेंजर बदलला की नवी दमदाटी. एका माणसाच्या मर्जीने मिळालेली जमीन एका माणसाच्या मर्जीने जाते. वनहक्क कायद्याने ही दळीसुद्धा हक्कात बदलायची सोय केली आहे. जुने पट्टे, भाडेपट्टे, सरकारने दिलेल्या जमिनी पक्क्या करून घेण्याचं कलम त्यात आहे. पण त्याचा रस्ता ग्रामसभेतून जातो. खमक्या माणूस ग्रामसभा बंद करेल तेव्हा पहिली बंद होईल ती ही वाट. एमआयडीसीचा १९६१ चा कायदा त्याला पुरेसा आहे, त्यात ग्रामसभेच्या संमतीची अटच नाही. माणगाव, रोहा, तळ्याच्या लोकांना दिघी बंदराच्या पट्ट्यात हे अनुभवाने कळलं आहे.

लोकशाहीने काहीच दिलं नाही म्हणता? ओडिशात नियमगिरीचा डोंगर आहे, डोंगरिया कोंध आदिवासींचा. तिथे बॉक्साइटची खाण यायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या, जजच्या देखत. बाराच्या बारांनी "नाही" म्हटलं आणि खाण थांबली. आपल्या राज्यात गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ ला सुमारे १८०० हेक्टर रानाचा सामूहिक हक्क मिळवला. वनखातं बांबूच्या वाहतुकीचा परवाना आपल्याच मुठीत ठेवून बसलं होतं. गाव अडून राहिलं, आणि २०११ ला परवान्याचं पुस्तक केंद्राच्या मंत्र्याला गावात येऊन ग्रामसभेच्या हातात द्यावं लागलं. त्या गावात बहुमताने निर्णय होत नाही. सगळ्यांचं एक होईपर्यंत बसतात. आपल्या अंगणातली जुनी तऱ्हाच ती, फक्त तिथे बाया पुढे बसतात आणि सगळं लिहून ठेवतात.

वरून धक्केही आले. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्या लोकांना रानातून काढायला सांगितलं. देशभर ओरड झाली, पंधरा दिवसांत त्या हुकमाला स्थगिती मिळाली. २०२२ ला वन संवर्धनाचे नवे नियम आले. २००९ पासून केंद्राने नियम केला होता की रान दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती लागेल. नव्या नियमांनी केंद्राने ती जबाबदारी अंगावरून झटकली आणि राज्यावर ढकलली. नियमांचा हा बदल निवडून आलेल्या सरकारनेच केला. तेव्हा मत दिलं म्हणजे राज्य दिलं नाही, हे त्यांना दर वेळी सांगावं लागतं. आमदाराला आपण रस्ता, शाळा, दवाखाना यासाठी मुंबईला धाडला. रान विकायचं मुखत्यारपत्र त्याला कुणी करून दिलेलं नाही.

आता सभेचं. भट्टीवरून माणसं परतली की लगेच वाडीची विशेष ग्रामसभा मागायची, २ ऑक्टोबरची वाट बघायची नाही. मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. सभेच्या दिवशी आधी माणसं मोजा, मग बाया वेगळ्या मोजा, दोन्ही आकडे प्रोसिडिंग बुकात पहिल्या ओळीत लिहा, त्याशिवाय विषय सुरू करू देऊ नका. दोन म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या, पण ते दावेदारांपैकी नकोत. म्हाताऱ्याचा जबाब हा कायद्याने पुरावा आहे. कुणी उपग्रहाचा फोटो दाखवून "इथे तर झाडी दिसते" म्हणाला, तर त्याला सांगा की तो फोटो जोडीला चालतो, बाकीच्या पुराव्यांच्या जागी चालत नाही, असं नियमातच आहे. ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीने तो परस्पर फेटाळायचा नाही, ग्रामसभेकडे परत पाठवायचा. फेटाळलाच तर कारण लेखी मागा आणि ते हातात पडल्यापासून साठ दिवसांत अपील घाला. साठ दिवस मोजायचे ते सुट्ट्या धरून.

ठराव ग्रामसेवकाने लिहिला तर सह्या-अंगठे करायच्या आधी तो मोठ्याने वाचून घ्या. कोरी जागा राहिली असेल तिथे आडवी रेघ मारा. पुस्तक सभेतून उठायच्या आत मोबाईलवर पानापानाचा फोटो काढा, आणि काढताना पोरगी हाताशी ठेवा. पोरांचे फोटो हलतात.